पित्याची कथा आणि लेकरांची क्षमा

शास्त्रवाचन: उत्पत्ती ५०:१५-२१, निर्गम २०:१२, मत्तय ६:९-१५, इफिसकरांस ४:३१-३२



उत्पत्तीच्या पुस्तकाच्या शेवटाकडे एका पित्याचा मृत्यू येतो. याकोबाचा जन्म, भावाशी वैर, परदेशातील कष्ट, दोन विवाह, बारा मुलगे, लाडक्या लेकाचा वियोग, म्हातारपणी पुनर्भेट आणि मिसर देशातील अखेरचा श्वास, अशी संपूर्ण जीवनकथा पवित्र शास्त्राने आपल्यापुढे ठेवली आहे. तीत याकोबाची लबाडी लपवलेली नाही आणि त्याचा विश्वासही झाकलेला नाही. परंतु कथा त्याच्या मृत्यूपाशी थांबत नाही. पित्याला मूठमाती देऊन मुले परत येतात, आणि मग जुने भय डोके वर काढते. बाप होता तोवर योसेफ गप्प राहिला. आता तो सूड घेईल काय? भावांच्या मनातील हा प्रश्न म्हणजे आजच्या पाठाचा विषय आहे.

पित्याचे जीवन संपले म्हणजे त्याची कथा लेकरांच्या हाती येते. तिचे पुढे काय करायचे हे लेकरांनी ठरवायचे असते. ही गोष्ट समजून घेण्यासाठी आपल्याच देशातील, आपल्याच काळातील एका पित्याचे जीवन आपण पाहू. त्याचा आरंभ मुंबईत झाला व शेवट तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर या गावी झाला. राजीव गांधी हे राजकीय पुरुष होते. त्यांच्या राजकारणाविषयी वाचकांची मते वेगवेगळी असणार, आणि ती तशी असण्यास काहीच हरकत नाही. येथे आपण त्यांच्याकडे मुलगा, पती व पिता या नात्याने पाहणार आहोत.

१. बालपण व तारुण्य

राजीव गांधी यांचा जन्म २० ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत झाला. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते जवळजवळ तीन वर्षांचे होते. आजोबा पंडित नेहरू पंतप्रधान झाले, आई इंदिरा वडिलांचे घर सांभाळू लागली, आणि मुलांचे बालपण दिल्लीच्या तीनमूर्ती भवनात गेले. वडील फिरोज गांधी हे रायबरेलीचे खासदार व निर्भीड वक्ते होते. ८ सप्टेंबर १९६० रोजी ते हृदयविकाराने वारले, तेव्हा राजीव सोळा वर्षांचे होते. पितृवियोग म्हणजे काय हे त्यांना कोवळ्या वयातच कळले.

देहरादूनच्या दून विद्यालयातून ते केंब्रिजला गेले, नंतर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात. पण दोन्हीकडे पदवी न घेताच परतले. यंत्रे, छायाचित्रण, हौशी रेडिओ आणि विमान यांत त्यांचे मन रमे. केंब्रिज येथे त्यांची भेट इटलीतील एका कॅथलिक कुटुंबातील सोनिया यांच्याशी झाली, आणि २५ फेब्रुवारी १९६८ रोजी दोघे दिल्लीत विवाहबद्ध झाले. पुढे राजीव इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाले. १९७० च्या जूनमध्ये राहुल व १९७२ च्या जानेवारीत प्रियांका यांचा जन्म झाला. आजोबा पंतप्रधान, आई पंतप्रधान. तरी हा मनुष्य विमान चालवून, वेळेवर घरी येऊन, मुलांची छायाचित्रे काढण्यात समाधानी होता. सुमारे दहा वर्षे हे सुख टिकले.

२. न मागितलेले ओझे

२३ जून १९८० रोजी धाकटे बंधू संजय विमान अपघातात मरण पावले. आईचा एक आधार गेला, म्हणून राजीव यांना राजकारणात यावे लागले. सोनिया यांचा याला तीव्र विरोध होता, हे त्यांनी पतीच्या आठवणींच्या 'राजीव' या १९९२ सालच्या पुस्तकात स्वतः नमूद केले आहे. १९८१ साली राजीव अमेठीतून लोकसभेवर निवडून आले.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधी यांच्यावर त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. राजीव त्या वेळी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते. ते धावत दिल्लीस आले आणि त्याच दिवशी सायंकाळी पंतप्रधानपदाची शपथ त्यांना घ्यावी लागली. वय चाळीस वर्षे. राहुल चौदा वर्षांचे होते, प्रियांका बारा वर्षांच्या. त्यानंतर सुरक्षेच्या कारणास्तव या मुलांचे शालेय शिक्षण घरीच झाले.

आता एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. आईचे शव घरात असतानाच दिल्लीत शीख बांधवांची कत्तल सुरू झाली. सरकारी आकड्याप्रमाणे एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. ज्यांचा हत्येशी काडीमात्र संबंध नव्हता अशा बापांना त्यांच्या लेकरांसमोर जाळण्यात आले. त्याच नोव्हेंबर महिन्यात दिल्लीतील एका जाहीर सभेत, मोठा वृक्ष कोसळला म्हणजे भोवतालची धरणी हादरतेच, अशा अर्थाचे उद्गार राजीव गांधी यांनी काढले. ज्या विधवा आणि पोरकी मुले त्या वेळी छावण्यांत होती त्यांच्या काळजात ते शब्द रुतले, व आजही ते विसरले गेलेले नाहीत. तो शोकाकुल पुत्र होता हे खरे. परंतु तो देशाचा शास्ता होता, आणि त्या मुलांचाही पालक होता.

वाचकहो, ही गोष्ट वगळून आपण त्यांची कथा सांगू शकलो असतो. मग ती पवित्र शास्त्राच्या रीतीने सांगितल्यासारखी झाली नसती. पाचव्या आज्ञेत 'मान राख' यासाठी जे इब्री क्रियापद आहे, त्याच्या मुळाशी 'वजन' हा अर्थ आहे. आईबापांना मान देणे म्हणजे त्यांच्या जीवनाला त्याचे खरे वजन देणे. त्यांना देव्हाऱ्यात बसवून आपण ते वजन वाढवीत नाही, आणि त्यांची टवाळी करून ते कमी करण्याचा अधिकारही आपल्याला नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यात लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिताना हेच केले. रेव्हरंड टिळकांचा तापट स्वभाव त्यांनी झाकला नाही, आणि म्हणूनच टिळकांची थोरवी आपल्याला खरी वाटते.

पंतप्रधानपदाच्या पाच वर्षांत राजीव गांधी यांनी पक्षांतरबंदीचा कायदा आणला, नवे शैक्षणिक धोरण दिले, मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले. बोफोर्स प्रकरणाने त्यांच्या नावाला काळिमाही लागला. आपल्या विषयाशी जोडलेली घटना म्हणजे २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत झालेला भारत-श्रीलंका करार. त्यानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि जिचे रक्षण करायचे त्या भूमीतच तमिळ वाघांच्या संघटनेशी तिचे युद्ध जुंपले. मार्च १९९० मध्ये सेना परतली तेव्हा अकराशेहून अधिक भारतीय जवान प्राणास मुकले होते. तिकडे तमिळ कुटुंबांनीही आपली माणसे गमावली होती. त्या रक्ताचा हिशेब मनात धरून काहीजण पुढच्या संधीची वाट पाहू लागले.

३. श्रीपेरुंबुदूर

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर आहे. वैष्णव आचार्य रामानुज यांचे जन्मस्थान म्हणून ते शतकानुशतके प्रसिद्ध आहे. आज तेथे मोटारींचे व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. १९९१ साली मात्र ते महामार्गावरचे एक लहानसे गाव होते.

२१ मे १९९१ रोजी रात्री दहाच्या सुमारास राजीव गांधी निवडणूक प्रचारासाठी तेथे पोहोचले. त्या वेळी ते पंतप्रधान नव्हते. लोकांना जवळ येऊ द्यावे असा त्यांचा आग्रह असे. हार घेऊन उभ्या असलेल्यांच्या रांगेतून एक तरुणी पुढे आली, पाया पडण्यासाठी वाकली, आणि कमरेला बांधलेल्या स्फोटकांचा तिने स्फोट केला. राजीव गांधी सेहेचाळीसाव्या वर्षी जागीच मरण पावले. त्यांच्यासोबत डझनभराहून अधिक माणसे गेली. त्यांत बंदोबस्तावरचे पोलीस होते, कार्यकर्ते होते, सभेला आलेली साधी माणसे होती. आपल्या देशात वाकून पाया पडणे ही नम्रतेची व आशीर्वाद मागण्याची खूण. त्याच खुणेच्या आड मृत्यू दडला होता.

२४ मे रोजी दिल्लीत यमुनेच्या काठी वीस वर्षांच्या राहुलने पित्याच्या चितेला अग्नी दिला. साडेसहा वर्षांपूर्वी त्याच नदीकाठी राजीव यांनी आपल्या आईला अग्नी दिला होता.

४. मागे राहिलेली माणसे

खटला चालला. जानेवारी १९९८ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व सव्वीस आरोपींना फाशी सुनावली. ११ मे १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चौघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली व उरलेल्या एकोणिसांना मुक्त केले. फाशीच्या चौघांत नलिनी ही एकच स्त्री होती. तुरुंगात असतानाच तिला मुलगी झाली होती, आणि मुलीच्या बापालाही फाशीच झाली होती. पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांनी, आईला तरी जगू द्यावे म्हणजे मूल पोरके होणार नाही, असे भिन्न मत नोंदवले. ते अल्पमतात राहिले. त्यानंतर सोनिया गांधी यांनीच नलिनीच्या प्राणासाठी दयेची विनंती केली. एप्रिल २००० मध्ये तिच्या फाशीचे रूपांतर जन्मठेपेत झाले.

१९ मार्च २००८ रोजी प्रियांका वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन नलिनीला भेटल्या. भेटीचा गाजावाजा केला नव्हता. बातमी बाहेर आली ती पुढच्या महिन्यात. हिंसा आणि वियोग यांच्याशी मनाचा समेट करण्याचा हा आपला मार्ग आहे, असे त्यांनी तेव्हा सांगितले. मार्च २०१८ मध्ये सिंगापूर येथे राहुल यांनीही सांगितले की, कित्येक वर्षे आम्ही दुखावलेले व रागावलेले होतो, पण आता दोघांनीही मारेकऱ्यांना पूर्णपणे क्षमा केली आहे. २००९ साली तमिळ वाघांचा प्रमुख प्रभाकरन याचे शव दूरचित्रवाणीवर पाहताना त्यांना आनंद न होता वाईटच वाटले, त्याच्या मुलांची आठवण झाली, आणि बहिणीला विचारले तर तिचीही तीच भावना होती.

येथे उत्पत्तीचा पन्नासावा अध्याय पुन्हा उघडा. योसेफ भावांना केवळ भिऊ नका म्हणून थांबत नाही. तुमचे व तुमच्या मुलाबाळांचे मी पोषण करीन, असे वचन तो देतो. ज्यांनी आपले बालपण हिरावून घेतले त्यांच्या लेकरांचा विचार त्याच्या मनात येतो. क्षमा खरी आहे काय, हे ओळखण्याची ही शास्त्राने दिलेली खूण आहे. वैऱ्याच्या घरातील मूल आपल्याला मूल म्हणून दिसू लागले म्हणजे क्षमेचे काम सुरू झाले असे समजावे.

५. 'क्षमा' या शब्दाचे वजन

भाषांतराचे काम करणाऱ्याला प्रत्येक शब्द तराजूत घालून पाहावा लागतो. योसेफाचे भाऊ सतराव्या वचनात क्षमेसाठी जे इब्री क्रियापद दोनदा वापरतात, त्याचा मूळ अर्थ 'उचलणे' किंवा 'वाहणे' असा आहे. चाळिसाव्या अध्यायात तुरुंगातील प्यालेबरदाराचे मस्तक उंचावले जाईल असे योसेफ सांगतो, तेथेही हेच क्रियापद आहे. आपला अपराध सोसवत नाही असे काइन म्हणतो, तेथेही हेच. आणि यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात परमेश्वराचा सेवक पुष्कळांचे पाप वाहतो, तेथेही हेच. अर्थात, इब्री मनाला क्षमा म्हणजे ओझे उचलणे असे दिसते. पाप हवेत विरून जात नाही. ते कोणाला तरी वाहावे लागते.

आता आपला मराठी शब्द पाहा. संस्कृतातील 'क्षम्' या धातूचा अर्थ सोसणे. 'क्षमा' हे तर पृथ्वीचेही नाव आहे, कारण ती सर्वंसहा आहे. नांगर, पाय, भार, सारे सोसते. आपल्या पूर्वजांनी पवित्र शास्त्रासाठी हा शब्द स्वीकारला तेव्हा इब्री शब्दाचा जवळचा सोबती त्यांना आपल्याच घरात सापडला. वृक्ष कोसळला म्हणून हादरणारी धरणी आपण वर पाहिली. कोसळलेला वृक्ष अंगावर घेऊन स्थिर राहणारी धरणी, हा 'क्षमा' या शब्दाचा अर्थ आहे. आईच्या मृत्यूनंतर ज्या वाणीत पहिली धरणी ऐकू आली, त्याच घरातील पुढच्या पिढीत दुसरीची चाहूल लागावी, याविषयी आपण देवाचे आभार मानू या.

नव्या करारात आणखी दोन शब्द येतात. प्रभूच्या प्रार्थनेतील ग्रीक शब्दाचा अर्थ 'सोडून देणे', जसे सावकार ऋण सोडतो. मराठी प्रार्थनेत ऋण हाच शब्द ठेवला आहे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील शब्द 'कृपा' या शब्दाच्या कुळातला आहे; म्हणजे ज्याला हक्क नाही त्याला देणे. वाहणे, सोडणे आणि देणे, अशी ही क्षमेची तीन अंगे आहेत, आणि वधस्तंभावर ती एकत्र आली. ख्रिस्ताने आपले पाप वाहिले, आपले ऋण सोडले, आणि आपल्याला पुत्रत्व दिले.

६. क्षमा आणि न्याय

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. २०१४ साली उरलेल्या तिघांची फाशी, दयेच्या अर्जांना झालेल्या विलंबामुळे, सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. १८ मे २०२२ रोजी एकाची, व ११ नोव्हेंबर २०२२ रोजी शेष सहाजणांची सुटका झाली. गांधी कुटुंबाने क्षमा केली होती, तरी त्यांच्याच पक्षाने या सुटकेला विरोध दर्शवला. पुष्कळांना हा विरोधाभास वाटला.

यात शास्त्राचा एक भेद ध्यानात घ्यावा. रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय सूड देवावर सोपविण्यास सांगतो, आणि लगेच तेरावा अध्याय अधिकाऱ्याच्या हातातील तरवारीविषयी बोलतो. क्षमा दुखावलेल्याने करायची असते. न्याय शासनाने करायचा असतो. शिवाय दुसऱ्याच्या जखमेची क्षमा आपल्याला करता येत नाही. त्या रात्री जे पोलीस व सामान्य लोक मेले, त्यांच्या घरीही मुले होती. राहुल व प्रियांका आपल्या पित्याच्या खुनाची क्षमा करू शकतात. त्या मुलांच्या वतीने ती करू शकत नाहीत. आणि १९८४ च्या पोरक्या मुलांना 'विसरून जा' म्हणण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. ज्याने स्वतः काही गमावले नाही त्याने दुसऱ्याला क्षमेचा उपदेश दबक्या आवाजातच करावा.

ग्लॅडिस स्टेन्स यांनी हा भेद आपल्या जीवनात स्पष्ट केला. २३ जानेवारी १९९९ च्या पहाटेपूर्वी ओडिशातील मनोहरपूर येथे त्यांचे पती ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांची फिलिप व तिमथी ही मुले गाडीत जाळून मारली गेली. आपण क्षमा केली आहे असे त्यांनी जाहीर केले, पण कायद्याने आपले काम करावे हेही मान्य केले. त्या मुलीसह बारीपाद्यात राहिल्या आणि कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालविली. ज्या प्रदेशाने पती हिरावला त्याच प्रदेशातील जखमा त्यांनी धुतल्या. वाहणे, सोडणे, देणे, हे तिन्ही येथे दिसते.

७. आपल्यासाठी बोध

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी खून झालेला नाही. तरीही पित्याला मूठमाती दिल्यावर भावाभावांचे बोलणे थांबले, अशी घरे आपल्या मंडळ्यांत थोडी नाहीत. एका खोलीसाठी, शेताच्या बांधासाठी, मृत्युपत्रातील एका ओळीसाठी वर्षानुवर्षे कज्जे चालतात. नाताळच्या उपासनेत भाऊ वेगवेगळ्या बाकांवर बसतात, आणि प्रभूभोजनाच्या मेजापाशी एकमेकांची नजर चुकवतात. आणखी काही घरांत मृत पिता स्वतःच ऋणी असतो. त्याने दारूपायी घर बुडवले असेल, आईवर हात उगारला असेल, एका लेकराला जवळ करून दुसऱ्याला दूर लोटले असेल. त्याला क्षमा करायची तर तो समोर नाही.

अशा वाचकांना योसेफाची रीत सांगावीशी वाटते. भावांचा निरोप ऐकून तो प्रथम रडला. आपल्याला दुखावले गेले हे त्याने नाकारले नाही. मी देवाच्या जागी आहे काय, हा प्रश्न त्याने भावांना घातला व न्यायासन देवाला रिकामे करून दिले. मग त्यांनी वाईट योजले होते हे त्याने तोंडावर सांगितले. शेवटी तो त्यांच्या मनाला धीर येईल असे बोलला. अश्रू, देवाचे स्थान, सत्य, आणि मग गोड शब्द, हा क्रम उलटा करू नका. अश्रू व सत्य यांना टाळून केलेली घाईची क्षमा टिकत नाही.

आणि काळाची घाईही करू नका. योसेफाला विकले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता; भाऊ प्रथम त्याच्यापुढे उभे राहिले ते वीसहून अधिक वर्षांनी. प्रियांका वेल्लोरला गेल्या त्या सुमारे सतरा वर्षांनी. ज्यांना अजून क्षमा करणे जमलेले नाही त्यांनी निराश होऊ नये. पण रागाला घरचा पाहुणाही करून ठेवू नये. आजच्या दिवसापुरते ओझे प्रभूच्या मदतीने उचला. उद्याचे ओझे उद्या.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या आईची किंवा वडिलांची जीवनकथा आपण लेकरांना सांगतो काय? तिला 'खरे वजन' देतो, की केवळ गुण किंवा केवळ दोष सांगतो?

२) योसेफाने भावांच्या मुलाबाळांची काळजी घेतली. आपल्याशी वैर धरणाऱ्यांच्या घरातील कोणत्या मुलाकडे आपण या आठवड्यात मायेने पाहू शकतो?

३) क्षमा आणि न्याय यांतील भेद आपल्या कुटुंबात किंवा मंडळीत कोठे ध्यानात घेण्याची गरज आहे?

४) वाहणे, सोडणे, देणे, यांपैकी कोणते अंग आपल्याला सर्वांत कठीण जाते? का?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्या आईबापांच्या जीवनाबद्दल, त्यांच्या चांगुलपणाबद्दल व त्यांना सोसलेल्या आमच्या हट्टांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्यांच्याकडून आम्हाला जे घाव मिळाले, आणि त्यांच्या माघारी आम्ही एकमेकांना जे घाव दिले, ते तुझ्यापुढे ठेवतो. तुझ्या पुत्राने आमचे ओझे वाहिले, म्हणून आम्हालाही वाहण्याचे बळ दे. येशूच्या नावाने. आमेन.